वैद्यांचीं बाडें, वनस्पतींचीं नांवें व कोंकणी वैद्यांचा एक महजर

जुन्या कागदपत्रांच्या शोधार्थ कोंकणांतील घरें हिंडणाऱ्यांस एका प्रकारचें बाड वारंवार आढळतें. सनदा, महजर, निवाडपत्रें व पोथ्या यांच्याच रुमालांत तें बांधलेलें असतें. पानें लांबट, अक्षर कोठें मोडी तर कोठें बाळबोध, आणि आरंभींचें ‘श्रीगणेशाय नमः’ सोडलें तर पुढें एकाखालीं एक औषधांचे पाठ. संग्राहक तें उलगडून पाहतो. त्यांत मिति नाहीं, कोणा सरदाराचें नांव नाहीं, वतनाचा उल्लेख नाहीं असें दिसतांच यादींत ‘वैद्यक, स्फुट, अपूर्ण’ असे तीन शब्द लिहितो व पुढच्या रुमालास हात घालतो. या तीन शब्दांखालीं कोणता ऐवज झांकला जातो, तो उजेडांत आणण्याचा मार्ग कोणता, आणि तो मार्ग पूर्वीं कोणी चोखाळला होता काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आमचें प्रतिपाद्य प्रथमच सांगतों. वैद्यकीय बाड हा स्वयंपूर्ण पुरावा नव्हे. बाडांतील नांव, त्या नांवाची वनस्पति, आणि त्या नांवानें ती वनस्पति ओळखून दाखविणारा मनुष्य, हीं तिन्ही एकत्र असतील तरच त्या पाठास अर्थ आहे. यांपैकीं पहिली गोष्ट आपण कापडांत बांधून जपतों. उरलेल्या दोहोंकडे पाहत नाहीं. ज्या घरांत नव्वदीकडे झुकलेली एखादी आजी अद्याप पाला पाहून नांव सांगते, त्या घरचें बाड आपण मोठ्या आनंदानें घेऊन येतों; त्या आजीस मात्र कोणी कांहीं विचारीत नाहीं.

आमचें आंजर्लें गांव दापोली तालुक्यांत जोग नदीच्या मुखाशीं वसलेलें आहे. समोर समुद्र, खालीं नारळी-पोफळींचीं आगरें, पाठीशीं जांभ्या दगडाचा डोंगर व त्यावर कड्यावरचा गणपति. दक्षिणेस हर्णै व सुवर्णदुर्ग, उत्तरेस केळशी. खाडीकांठचे तिवर, चिपी व मारांदी, पुळणीजवळची उंडी, आगराच्या बांधावरील अडुळसा व निगडी, रानांतील ऐन, किंजळ, सातवीण व कुडा, आणि सड्यावर केवळ पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या वनस्पती, हे सर्व एका दिवसाच्या चालींत पाहतां येतें. अशा गांवच्या बाडांतील नांवें ग्रंथांतून उतरलेलीं थोडीं व पायांखालच्या जमिनींतून आलेलीं पुष्कळ, हें ओघानेंच आलें. म्हणूनच तीं वाचण्यास नुसतें अक्षरज्ञान पुरत नाहीं.

उदाहरणार्थ कुडा घेऊं. अतिसारावर कुड्याची साल ताकांत उगाळून द्यावी, हा कोंकणांतील नेहमींचा पाठ होय. संस्कृतज्ञ वाचक त्याच्या समासांत ‘कुटज’ असा शब्द लिहितो व पाठ उलगडला असें समजतो. परंतु कोंकणांत कुडा एकच नाहीं. पांढरा कुडा व काळा कुडा हीं दोन भिन्न झाडें आहेत. दोहोंसही खांचा पाडल्या असतां पांढरा चीक गळतो. दोहोंचीं फुलें पांढरीं. दोहोंच्या शेंगा जोडीजोडीनें लोंबतात. भेद इतकाच कीं, काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोंकांशीं एकमेकींस चिकटलेल्या असतात व पांढऱ्याच्या सुट्या असतात. पांढऱ्याचें बीं तें कडू इंद्रजव, काळ्याचें तें गोडे इंद्रजव. अतिसारावरील गुण पांढऱ्याच्या सालींत आहे. काळ्याच्या पाल्यापासून नीळ निघत असे, परंतु त्याची साल या कामीं निरुपयोगी. अठराव्या शतकांत पांढऱ्या कुड्याची साल ‘कोनेसी’ या नांवानें युरोपांत गेली व नांवाजली; पुढें तिच्यांत काळ्या कुड्याची साल मिसळून जाऊं लागल्यामुळें तिचा लौकिक बुडाला, ही हकीकत औषधिशास्त्राच्या ग्रंथांत नमूद आहे. इतकेंच नव्हे, तर ‘अतिसारघ्न’ या अर्थाचें जें लॅटिन विशेषण लिनीअसनें इ. स. १७५३ त योजिलें, तें आज सिंहलद्वीपांतील भलत्याच एका झुडुपाच्या नांवास चिकटून राहिलें आहे. विद्वानांच्या हातून असा घोटाळा व्हावा आणि ज्यानें रानांत जाऊन इंद्रजव एकदां तोंडांत टाकला त्याच्या हातून तो होऊं नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आमच्या शास्त्रकारांस ही अडचण ठाऊक होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पहिल्याच अध्यायीं असें सांगितलें आहे कीं, रानांत शेळ्या, मेंढ्या व गाई राखणारे आणि इतर वनवासी हे औषधींस नांवानें व रूपानें ओळखतात; मात्र केवळ नामरूपाच्या ज्ञानानें औषधींचा उपयोग कळत नाहीं, तो जाणणारा वैद्य वेगळा. या वचनाचा उत्तरार्ध वैद्यमंडळी आवडीनें सांगतात. पूर्वार्धाचें मर्म असें कीं, नामरूपाविषयींचा अधिकार शास्त्रानें गुराख्याकडे ठेविलेला आहे, आणि वैद्याचें योगज्ञान त्याच अधिकारावर उभें आहे.

नरहरि पंडिताच्या राजनिघंटूंत हीच दृष्टि अधिक स्पष्ट दिसते. हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानें इ. स. १८९६ त धन्वंतरीयनिघंटूसह छापून प्रसिद्ध केला. द्रव्यांचीं नांवें सात कारणांनीं पडतात असें नरहरि प्रास्ताविकांत सांगतो: रूढि, स्वभाव, देशांतील बोली, लांछन म्हणजे अंगावरील खूण, उपमा, वीर्य आणि इतर वस्तूंच्या किंवा देशादिकांच्या नांवांवरून आलेली संज्ञा. गोकर्ण हें नांव उपमेनें पडलें. सुरणास अर्शोघ्न म्हणतात तें वीर्यावरून. सप्तपर्ण हें पानांच्या लांछनावरून, आणि आमची सातवीण तीच खूण आपल्या बोलींत सांगते. शिवाय आपण कर्नाटक व महाराष्ट्र या देशांच्या भाषांनीं वस्तु स्पष्ट करीत आहों, असेंही नरहरि म्हणतो. संस्कृत निघंटुकारास संस्कृत संज्ञा स्पष्ट करण्याकरितां मराठी व कानडी शब्दांचा आश्रय करावा लागला, हें ज्यांस देशी नांवें म्हणजे अपभ्रंश व म्हणून त्याज्य वाटतात, त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

देशी नांवाचा आधार सुटला म्हणजे काय होतें याचे दाखले मुबलक आहेत. रास्ना म्हणून उत्तरेकडे एक वनस्पति घेतात, केरळांत दुसरी, बंगाल्यांत तिसरी. शंखपुष्पी या एका नांवाखालीं निरनिराळ्या प्रांतांत निदान चार वनस्पती विकल्या जातात. ब्राह्मी कोणती व मण्डूकपर्णी कोणती हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. पुन्नाग म्हणजे उंडी असें कोणी म्हणतात, सुरंगी असें कोणी. आणि मुंबईच्या बाजारांत तांबडा नागकेशर म्हणून जे वाळलेले कळे विकले जात, ते नागचांफ्याचे नसून सुरंगीचे होते. दूरदेशीं बसून कोश चाळणाऱ्यास हे प्रश्न अवघड आहेत. परंतु ज्या फळांच्या बियांचें तेल कोंकणांत दिव्यांस जाळीत ती उंडी, आणि फाल्गुनाच्या सुमारास जिच्या फुलांचे वळेसर बाजारांत येतात ती सुरंगी, यांत कोंकणांतील लहान मुलगीही घोटाळा करणार नाहीं.

देशी नांव व वस्तु यांची गांठ घालून तें ज्ञान छापून ठेवण्याचा एक अतिशय जुना प्रयत्न आमच्याच किनाऱ्यावर झाला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य इ. स. १५३४ त गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारींही त्याचें जाणें-येणें होतें. हिंदुस्थानांतील औषधि-द्रव्यांसंबंधीं त्याचा संवादात्मक ग्रंथ १५६३ त गोव्यांतच छापला गेला. त्यांत तो अरबी व पोर्तुगीज नांवांबरोबर येथील लोकांचीं नांवेंही विचारून देतो. त्यांतील ‘ब्रिंदाँव’ हें नांव गोमंतकीय वाचक तत्काळ ओळखील, कारण तें त्याचें भिरंड होय. याच फळास रत्नागिरीकडे रातांबा म्हणतात, त्याच्या वाळविलेल्या सालीस आमसूल किंवा कोकम म्हणतात, आणि निघंटूंतील वृक्षाम्ल तें हेंच असें मानतात. एका झाडाचीं इतकीं नांवें, आणि प्रत्येक नांव कोणत्या गांवापासून कोणत्या गांवापर्यंत चालतें याची सीमा निराळी. बाडांत ‘भिरंड’ असेल तर लिहिणारा कोणीकडचा, आणि ‘रातांबा’ असेल तर कोणीकडचा, याचें अनुमान त्यावरून निघतें. ज्या कागदावर स्थळ लिहिलेलें नाहीं त्याचें स्थळ असें नांवावरून हुडकतां येतें.

स्थळाप्रमाणें काळही. देवरुखचे कै. परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर असतां त्यांनीं तंबाखूसारख्या द्रव्यांच्या उल्लेखांवरून ग्रंथांच्या काळाचा विचार केला, हें या पानांच्या वाचकांस विदित आहेच. रघुनाथ गणेश नवहस्त याचें भोजनकुतूहल सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें ठरविलें तेंही त्यांनींच. मिरची, काजू, पेरू, अननस, पपई व तंबाखू हीं अमेरिकेंतून आलेलीं. पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वींच्या पाठांत तीं असूं शकत नाहींत. मिति नसलेल्या बाडांत असा एखादा शब्द आढळला म्हणजे त्या पाठाची पूर्वमर्यादा निश्चित होते. ‘वैद्यक, स्फुट’ म्हणून बाजूस सारलेल्या पानांत कालनिर्णयाचें असें साधन पडून असतें.

आतां ज्या पुराव्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला त्याकडे वळूं. हेंड्रिक व्हान रीड हा डच अंमलदार इ. स. १६७० पासून १६७७ पर्यंत मलबारचा मुख्य होता. त्यानें त्या प्रांतींच्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ तयार करविला. ‘होर्तुस मलाबारिकुस’, म्हणजे मलबारची बाग, या लॅटिन नांवाचे त्याचे बारा भाग अॅम्स्टरडॅम येथें १६७८ ते १६९३ या अवधींत छापले गेले. त्यांत ७०० हून अधिक वनस्पतींचीं वर्णनें असून तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेलीं मोठीं चित्रें आहेत. या ग्रंथाचें ज्ञान ज्यांच्याकडून मिळालें त्यांत इट्टि अच्युतन् हा मलबारी ईळव वैद्य प्रमुख होता. आपल्या घराण्यांतील ग्रंथावरून त्यानें माहिती सांगितली. त्याजबरोबर कोची येथें राहणारे तीन कोंकणी वैद्य होते: रंग भट, विनायक पंडित व अपु भट. पोर्तुगीजांच्या अमलांत गोमंतक सोडून दक्षिणेस गेलेल्या कोंकणी समाजापैकीं हे होत.

ग्रंथाच्या पहिल्या भागाच्या आरंभीं या तिघांचा एक लेखी दाखला जसाच्या तसा कोरून छापला आहे. भाषा कोंकणी व लिपि नागरी, काळ इ. स. १६७५ चा एप्रिल, म्हणजे शके १५९७. श्रीशिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास तेव्हां पुरतें वर्षही झालें नव्हतें. कोंकणी भाषा नागरी अक्षरांत छापली गेल्याचें हें एक अतिप्राचीन उदाहरण म्हणून भाषाभ्यासकांनीं त्याची दखल घेतली आहे. आमच्या मतें त्याचें महत्त्व आणखी एका कारणासाठीं आहे. या दाखल्यांत तिघे आपलीं नांवें सांगतात, कोणाच्या आज्ञेनें काम केलें तें सांगतात, निघंटूचा आधार घेतल्याचें सांगतात, आणि दोन वर्षें सकाळ-संध्याकाळ हें काम चालल्याचें सांगतात. झाडपाला आणवून, त्याचीं फुलें-फळें पाहून चित्रें काढविलीं व नांवें नेमिलीं, अशी ही कामाची रीत होती. आपल्याकडील वतनाच्या तंट्यांत गोतसभेसमोर जो महजर होतो त्याचीं अंगें हींच नव्हेत काय? साक्षीदार कोण, वस्तु कोणती, प्रत्यक्ष पाहिली कीं ऐकली, कागद कोणता, आणि मिति कोणती. वतनाच्या जागीं वनस्पति घातली म्हणजे रंग भट, विनायक पंडित व अपु भट यांचा दाखला हा वनस्पतींविषयींचा महजरच ठरतो.

महजराची चिकित्सा जशी करतों तशी याचीही केली पाहिजे. हा दाखला व्हान रीडच्या सोयीसाठीं, युरोपांतील वाचकांस ग्रंथाची विश्वसनीयता पटावी म्हणून लिहवून घेतलेला आहे, हें दृष्टीआड करून चालणार नाहीं. ज्यांनीं झाडांवर चढून फांद्या आणल्या त्यांचीं नांवें त्यांत नाहींत. ओर्ताच्या ग्रंथांत वनस्पति आणून देणारी दासी आंतोनिया या एका नांवापुरती तरी दिसते. येथें तेवढेंही नाहीं. चरकाचे अजपाल व गोपाल जसे नांवावांचून राहिले तसेच हेही राहिले. परंतु चित्र, नांव व साक्ष या तिहींची गांठ येथें पडलेली असल्यामुळें या ग्रंथाचा पुरावा टिकला. लिनीअसनें पुष्कळ वनस्पतींस शास्त्रीय नांवें देतांना याच चित्रांवर भिस्त ठेविली, आणि आजही एखाद्या नांवाचा वाद पडला म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ तीं चित्रें उघडून पाहतात.

मात्र एक उणीव राहिली व ती मोठी होती. ग्रंथ लॅटिनांत, अत्यंत मोलाचा, आणि छापला सातासमुद्रांपलीकडे. ज्या वैद्यांनीं ज्ञान दिलें त्यांच्या वंशजांस तो वाचतां येण्याजोगा नव्हता. कालिकत विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक कै. के. एस्. मणिलाल यांनीं आयुष्याचीं पसतीसाहून अधिक वर्षें या एका ग्रंथास दिलीं; त्याच प्रदेशांत फिरून ग्रंथांतील बहुतेक सर्व वनस्पती पुनः गोळा केल्या व मूळाशीं ताडून पाहिल्या. त्यांचें इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठानें २००३ त व मलयाळम् भाषांतर २००८ त प्रसिद्ध केलें. सव्वातीनशें वर्षांनीं ज्ञान आपल्या घरीं परत आलें, आणि तें येऊं शकलें याचें कारण झाडें अद्याप रानांत उभीं होतीं व नांवें लोकांच्या तोंडीं होतीं. हीं दोन्ही नष्ट झालीं असतीं तर मणिलालांचें पांडित्यही तेथें थिटें पडलें असतें.

महाराष्ट्रांत या दिशेनें काम झालें नाहीं असें नाहीं. दाल्झेल व गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १८६१ त निघाला. मुंबईचे डॉ. सखाराम अर्जुन यांनीं मुंबईकडील औषधींची यादी १८७९ त छापली. १८८३ त स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या संस्थापकांत ते होते. कूकचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत पुरा झाला. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनीं बसूंबरोबर रचलेला भारतीय औषधि-वनस्पतींचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ त बाहेर पडला. डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधिसंग्रह’ १९२७ चा. या सर्वांनीं मराठी नांवें दिलीं हे त्यांचे उपकारच होत. पण ‘मराठी नांव’ एवढेंच सांगितल्यानें तें कोणत्या तालुक्यांतलें, कोणत्या जातीजमातींतलें, कोणाच्या तोंडून ऐकलेलें, हें कळत नाहीं. रातांबा व भिरंड यांमधील जी सीमा वर दाखविली ती अशा याद्यांत पुसून जाते. ती पुनः आंखण्याचें साधन म्हणजे गांवोगांवचीं बाडें.

हा केवळ पुराणवस्तूंच्या हौसेचा प्रश्न नाहीं. १९९५ त अमेरिकेंत जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाबद्दल तेथील एका विद्यापीठास पेटंट देण्यांत आलें. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असतां, त्यास हरकत घेतली. हळदीनें जखम भरते हें आमच्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरांत ठाऊक आहे. परंतु तेथें तोंडी साक्ष चालली नाहीं, लेखी व छापील आधार मांडावे लागले. ते मांडल्यावर १९९७ त पेटंट रद्द झालें. पुढें २००१ त शास्त्रीय ग्रंथांतील योगांचा संग्रह पेटंट-परीक्षकांस दाखवितां यावा अशा रीतीनें तयार करण्याचें काम सरकारनें हातीं घेतलें. हळदीस आधार मिळाले. पण ज्या पानाचा पाठ फक्त एका गांवच्या एका बाडांत आहे, त्याचा आधार कोण काढणार? आणि काढला तरी पानांतील नांव कोणत्या झाडाचें हें कोण शपथेवर सांगणार?

जैवविविधतेचा कायदा २००२ त झाला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेनें समिति नेमून लोकजैवविविधता नोंदवही करावयाची असते, व तींत वनस्पतींबरोबर लोकांचें त्यांविषयींचें ज्ञानही लिहावयाचें असतें. महाराष्ट्राचें राज्य जैवविविधता मंडळ नागपुरास २०१२ त स्थापन झालें. २०२३ च्या दुरुस्तीनें ‘संहिताबद्ध पारंपरिक ज्ञाना’च्या वापरास कांहीं बंधनांतून सूट दिली, आणि संहिताबद्ध म्हणजे काय, तर १९४० च्या औषधिविषयक कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत ज्या ग्रंथांचीं नांवें आहेत त्यांतील. चरक त्यांत आहे, सुश्रुत आहे, भावप्रकाश आहे. घरोघरचीं बाडें अर्थातच नाहींत. म्हणजे लिहिलेलें असूनही बाड संहिता नव्हे, आणि कापडांत बांधून पडलें असल्यामुळें नोंदवहींतही नाहीं. त्यांतील ज्ञान ज्या गांवाचें आहे त्याचा त्यावरील हक्क सांगावयाचा तर तें त्या गांवच्या नोंदवहींत येणें अवश्य आहे.

येथें एक आक्षेप येईल व तो आम्ही हलका मानीत नाहीं. औषध सांगितलें कीं त्याचा गुण जातो, असें जुनीं घराणीं मानतात व पाठ कोणास दाखवीत नाहींत. यास अंधश्रद्धा म्हणून उडवून देणें सोपें आहे. पण पूर्वींच्या ज्यांनीं सांगितलें त्यांच्या पदरीं काय पडलें हें वर दिसलेंच आहे. म्हणून आमचें सांगणें असें कीं, नामरूपाची नोंद व योगाची नोंद या दोन गोष्टी चरकानेंच वेगळ्या केल्या आहेत, आपणही त्या वेगळ्या ठेवाव्या. अमुक नांवाचें झाड तें हें, एवढें सांगण्यानें कोणाचें गुपित फुटत नाहीं. योग, प्रमाण व अनुपान हीं घराण्याच्या संमतीवांचून छापूं नयेत, व संमति लेखी घ्यावी.

कामाची रीत आम्ही अशी सुचवितों. बाडाची नक्कल करतांना वनस्पतींचीं नांवें जशीं लिहिलीं असतील तशींच ठेवावीं. ‘कुडा’ असेल तेथें ‘कुटज’ करूं नये, ऱ्हस्वदीर्घही सुधारूं नये. संस्कृत प्रतिशब्द द्यावयाचाच तर टीपेंत द्यावा. नांवांची स्वतंत्र यादी करून ती ज्या गांवचें बाड त्याच गांवांत, ज्यांचा रानाशीं रोजचा संबंध आहे अशा निदान दोघांस एकमेकांपासून वेगळें विचारावी. यांत कातकरी, गवळी, कुणबी व घरांतील वृद्ध स्त्रिया यांस वगळूं नये. दाखविलेल्या वनस्पतीची फांदी फुलासह व पुनः फळासह घ्यावी. कुड्याचें फूल वैशाखांत व शेंग हिंवाळ्यांत, तेव्हां एका खेपेनें भागत नाहीं. ती कागदांत दाबून, वाळवून, स्थळ व मिति लिहून मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांतील ब्लॅटर संग्रहांत, किंवा पुण्यास आघारकर संशोधन संस्थेंत अथवा भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या कचेरींत ठेवण्याची व्यवस्था करावी. दापोलीस १९७२ पासून कृषिविद्यापीठ आहे. तेथील जाणत्यांचें साह्य आमच्या भागांतील संग्राहकांनीं अवश्य घ्यावें. आणि शेवटीं ओळख देणाऱ्याचें नांव, त्याची इच्छा असल्यास, यादीखालीं साक्ष म्हणून लिहावें. अजपाल-गोपालांस साक्षीदाराचा मान आजवर मिळाला नाहीं, तो या निमित्तानें मिळेल.

या कामास सवड किती आहे याविषयीं चार शब्द लिहून लेख पुरा करतों. इ. स. २०२० च्या जूनच्या ३ तारखेस ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनें किनाऱ्यावर आलें. केळशी, आंजर्लें, हर्णै या पट्ट्यांतील नारळी-पोफळी, आंबे, फणस व जुनीं रानझाडें उन्मळून पडलीं, घरांवरचीं कौलें व पत्रे उडाले, आणि माळ्यावर ठेवलेले रुमाल उघड्या पावसांत भिजले. त्या व पुढच्या वर्षीं महामारीनें पुष्कळ वृद्ध मंडळी नेली. कागद, झाड व साक्षीदार या तिहींवर दोन वर्षांच्या आंत असा घाला आला. सड्यांवर कलमांच्या बागा व चिऱ्यांच्या खाणी वाढत आहेत, आणि नव्या पिढीचीं मुलें पाल्यास पाला एवढेंच म्हणतात.

आंजर्ल्याच्या आसपासचीं जीं बाडें पाहण्यास मिळालीं त्यांतील नांवांची यादी आम्ही वर सांगितलेल्या रीतीनें करूं लागलों आहों. पावसाळ्यांत सडा व दिवाळीनंतर रान असा क्रम ठेविला आहे. ज्या वाचकांच्या संग्रहीं ‘वैद्यक, स्फुट’ म्हणून नोंदलेलीं पानें असतील त्यांनीं तीं पुनः एकवार उघडावीं, त्यांतील झाडांचीं नांवें उतरावीं, व ज्या घरांतून तीं पानें आलीं त्या घरीं या हंगामांतच एक खेप करावी, अशी आमची विनंति आहे. पानें आणखी कांहीं वर्षें टिकतील. तीं ज्यांस वाचून दाखवावयाचीं तीं माणसें तितकीं थांबणार नाहींत.